रशियन कंपन्यांचे जुने सोन्या-चांदीचे बिल्ले: खरा कुठला, खोटा कुठला

झारच्या रशियात कंपनीला पंचवीस-पन्नास वर्षं झाली, नवीन कारखाना सुरू झाला किंवा एखादे जुने डायरेक्टर रिटायर व्हायला निघाले, की सोनाराकडे ऑर्डर जायची आणि एक छोटासा बिल्ला बनून यायचा, सोन्याचा नाहीतर चांदीचा, वर रंगीत मीना, मधे कंपनीचं चिन्ह, आणि बऱ्याचदा मागच्या बाजूला ज्याला द्यायचा त्याचं नाव नि तारीख कोरलेली. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, आगबोटवाले, तेलवाले, सगळ्यांचे असायचे. साधारण १८७० च्या आसपासपासून १९१७ च्या क्रांतीपर्यंत हा प्रकार जोरात चालला. आज हे बिल्ले लिलावात येतात, ऑनलाइन विकले जातात, आणि त्यात खोट्यांची संख्या भरपूर आहे.

म्हणून आधीच सांगतो, बहुतेक लोक चुकतात ते इथेच, की शिक्का दिसला, आकडा दिसला, संपलं, खरा आहे. असं नसतं. शिक्का कोणीही मारतो. खऱ्या बिल्ल्यात शिक्का, अक्षरं, तारीख, मीना आणि मागची जोडणी या पाचही गोष्टी एकाच काळाबद्दल आणि एकाच गावाबद्दल बोलतात. खोटं बनवणारा एकेक गोष्ट छान जमवतो पण सगळ्यांचा मेळ घालताना कुठेतरी घसरतो. आपण तेच घसरणं शोधायचं.

प्रकार मुख्यतः दोन. एक झेतोन, म्हणजे वर छोटी कडी असलेला आणि घड्याळाच्या साखळीला अडकवायचा, कोटाच्या आतून वेस्टकोटवर लोंबणारा. दुसरा झ्नाक, म्हणजे छातीवर लावायचा, मागे स्क्रू आणि त्यावर फिरवून बसवायची चपटी गोल चकती. कंपन्यांचे सोन्याचे बिल्ले बहुतेक झेतोन प्रकारातले सापडतात. सरकारी पदकांशी यांचा संबंध नाही, झारने दिलेलं हे काही नाही, कंपनीने आपल्या माणसाला दिलेली ही भेट. त्यामुळे डिझाइनला मोकळीक होती आणि सोनारांनी ती पुरेपूर वापरली. धातूवरून माणसाची पायरीही कळायची, बऱ्याचदा वरच्यांना सोनं, मधल्यांना चांदी आणि बाकीच्यांना ब्राँझ. रशियन शहरांतल्या इमारतींचे राखणदार, ज्यांना ड्वोर्निक म्हणायचे, ते पितळी बिल्ला लावायचे. त्याचं काम वेगळं, तो ओळखपत्र होता, हा सन्मान.

आता आकड्यांकडे येऊ, कारण सोन्यावर ५६ लिहिलेलं बघून लोक गोंधळतात. रशियात तेव्हा शुद्धता कॅरेटमध्ये नाही, झोलोत्निकमध्ये मोजायचे. एका रशियन पौंडात ९६ झोलोत्निक (एक झोलोत्निक म्हणजे साधारण ४.२७ ग्रॅम), म्हणून ९६ म्हणजे शुद्ध. सोपी युक्ती सांगतो, सोन्यावरचा आकडा चारने भागा, थेट कॅरेट मिळतात. ५६ भागिले ४, म्हणजे १४ कॅरेट. ७२ म्हणजे १८. ९२ म्हणजे २३. आपल्याकडे बावीस कॅरेटचं सोनं म्हणजे जीव की प्राण, ते या हिशोबात ८८ व्हायला हवं, पण रशियात रोजचं सोनं ५६ चंच होतं, त्यामुळे ५६ बघून 'हलकं सोनं दिसतंय' असं म्हणून नाक मुरडू नका, तोच तिथला स्टँडर्ड होता. पाच ग्रॅमच्या ५६ च्या झेतोनमध्ये शुद्ध सोनं जेमतेम २.९ ग्रॅम निघतं, त्यामुळे सोन्याच्या वजनावर हिशोब करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. चांदीवर सगळ्यात जास्त ८४ दिसतो. ८४ ला ९६ ने भागलं की ०.८७५, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. ८८ आणि ९१ सुद्धा सापडतात, पण कमी.

आकड्याच्या शेजारचं चित्र जास्त महत्त्वाचं. १८९९ च्या आधी पीटर्सबर्गच्या वस्तूंवर एकमेकांवर तिरके ठेवलेले जहाजाचे दोन नांगर आणि राजदंड, आणि मॉस्कोच्या वस्तूंवर घोड्यावर बसून ड्रॅगन मारणारा संत जॉर्ज, असे त्या त्या शहराचे शिक्के असायचे. १८९९ पासून सगळीकडे एकच नवा शिक्का आला, डोक्यावर कोकोश्निक, म्हणजे रशियन बायकांचा तो उंच मुकुटासारखा शिरपेच, घातलेल्या बाईचं एका बाजूने दिसणारं डोकं. १९०८ पर्यंत ती डावीकडे बघते आणि सोबत तपासणी अधिकाऱ्याची आद्याक्षरं असतात, मॉस्कोला इव्हान लेबेडकिन, पीटर्सबर्गला याकोव्ह ल्यापुनोव्ह आणि नंतर रिख्टर. १९०८ पासून ती उजवीकडे बघायला लागते आणि आद्याक्षरांच्या जागी ग्रीक अक्षर येतं, पीटर्सबर्गला आल्फा, मॉस्कोला डेल्टा. क्रांतीनंतरही काही वर्षं हाच शिक्का चालू राहिला, १९२७ मध्ये हातोडा घेतलेल्या कामगाराचं डोकं आलं आणि झोलोत्निक जाऊन हजारातले आकडे आले, सोन्यावर ५८३, चांदीवर ८७५. म्हणजे झारच्या बँकेचा बिल्ला आणि त्यावर ५८३, तर पुढे बघायची गरज नाही.

हे पाठ करायला कंटाळवाणं वाटेल पण काम यानेच होतं. समजा समोर एक सोन्याचा झेतोन आहे, नोबेल बंधूंच्या तेल कंपनीचा, त्यावर १८७९–१९०४ आणि रोमन आकड्यात पंचवीस. ही कंपनी बाकूच्या तेलावर उभी राहिली, लुडविग आणि रॉबर्ट नोबेल यांनी, आणि बक्षिसवाल्या आल्फ्रेडचेही तिच्यात पैसे होते. १८७९ ची स्थापना, म्हणजे १९०४ ला पंचवीस वर्षं, हिशोब बरोबर. आता शिक्का कुठला असायला हवा? डावीकडे बघणारी बाई, आकडा ५६, आणि पीटर्सबर्गला बनला असेल तर तिथल्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं. उजवीकडे बघणारी बाई आणि ग्रीक अक्षर असेल तर शिक्का किमान चार वर्षं उशिराचा आहे. कधीकधी याला खरं कारण असतं, बिल्ला हरवला आणि साहेबांनी दुसरा करून घेतला वगैरे, पण ते विकणाऱ्याने सिद्ध करायचं, आपण गृहीत धरायचं नाही. आणि नांगरवाला शिक्का असेल तर मग प्रश्नच नाही, तो १९०४ च्या पाच वर्षं आधी बंद झालेला.

नोबेलचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. या कंपनीच्या चिन्हात बाकूजवळच्या सुरखानीचं अग्निमंदिर होतं, आतेशगाह. जमिनीतून येणाऱ्या गॅसवर तिथे ज्वाला पेटायची आणि तिथल्या शिलालेखांत चक्क देवनागरी आहे, गणपतीला नमन करून सुरुवात केलेली, कारण आपल्याकडचे व्यापारी तिथे जाऊन राहत. स्वीडिश घराण्याची रशियन कंपनी, अझरबैजानातलं तेल आणि चिन्हात हिंदूंनी पूजलेलं देऊळ. असला बिल्ला समोर आला तर त्यातल्या छोट्याशा कमानीकडे नीट बघा.

अक्षरांकडे येतो. रशियन लिपी १९१८ मध्ये सुधारली गेली. त्याआधीच्या लिखाणात व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांच्या शेवटी एक निमूट अक्षर असायचं, इंग्रजी छोट्या बी च्या डोक्याला डावीकडे शेपूट लावल्यासारखं, ज्याला कठीण चिन्ह म्हणतात. दुसरं एक 'यात' नावाचं अक्षर, तेही बी सारखंच पण उभ्या दांड्याला आडवी रेघ. आणि तिसरं, टिंबवाला आय. १९१८ नंतर यात आणि टिंबवाला आय हे दोन्ही गेले आणि शब्दाच्या शेवटचं कठीण चिन्हही गेलं. त्यामुळे 'इतक्या वर्षांची सेवा' असं लिहिलेल्या बिल्ल्यावर 'ल्येत' म्हणजे वर्षं हा शब्द असेल तर त्यात मधे यात आणि शेवटी कठीण चिन्ह दोन्ही हवेत. नसतील तर तो झारच्या काळातला नाही. खोटं बनवणारे बऱ्याचदा शेवटचं कठीण चिन्ह आठवणीने घालतात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं, आणि यात विसरतात, किंवा उत्साहाच्या भरात जिथे नको तिथे घालतात. रशियन येत नसेल तरी चालतं, शब्द उतरवून घ्या आणि जुन्या शब्दकोशात बघा, दहा मिनिटांचं काम आहे. कंपनीचं नाव बहुतेक वेळा आखडलेलं असतं, तोवारिश्चेस्त्वो म्हणजे भागीदारी, तिचं 'त-वो', आणि ओब्श्चेस्त्वो म्हणजे सोसायटी किंवा कंपनी, तिचं 'ओ-वो', मधे छोटी आडवी रेघ. ही आखूड रूपं तेव्हाच्या शेअर सर्टिफिकेटांवर आणि पाट्यांवर तशीच असायची.

मीना हा सगळ्यात देखणा भाग आणि सगळ्यात अवघड. मीना म्हणजे काच, तिला रंग देणारे धातूंचे ऑक्साइड मिसळलेली, निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्या-फिरोजीसाठी तांबं, पांढऱ्यासाठी टिन, आणि माणकासारख्या लालसाठी खुद्द सोनं. ही काच बारीक दळायची, पाण्यात कालवायची, बिल्ल्याच्या खोलगट भागात भरायची, वाळवायची आणि साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत मिनिटभर घालायची. ती वितळते, बसते, थोडी आटते. मग पुन्हा भरायची, पुन्हा भट्टी. शेवटी दगडाने घासून सपाट करायची आणि चमक आणायला आणखी एकदा भट्टी. एका बिल्ल्यात चार रंग असतील तर जास्त उष्णता लागणारा रंग आधी आणि नाजूक रंग नंतर असा क्रम सांभाळावा लागतो, नाहीतर आधीचं सगळं वाहून जातं.

चांदीत याहून कठीण भानगड आहे. चांदी आणि तांबं यांचं मिश्रण ७७९ अंशाला वितळायला सुरुवात होते, आणि ८४ च्या चांदीत साडेबारा टक्के इतर धातू, बहुतेक तांबंच, असतो. म्हणजे मीना वितळायचं तापमान आणि बिल्लाच वितळायचं तापमान जवळजवळ एकच, त्यामुळे कारागीर बसायचा ते भट्टीच्या दाराशी डोळा लावूनच. शिवाय पारदर्शक लाल मीना थेट चांदीवर घातला तर तो पिवळट-तपकिरी पडतो, म्हणून आधी रंगहीन काचेचा थर द्यायचा किंवा खाली सोन्याचा पत्रा. जुन्या चांदीच्या बिल्ल्यात लाल रंगाच्या कडेला तपकिरी झाक दिसली तर मला उलट बरं वाटतं, इतक्या तपशिलात खोटं कोण करतंय. मीन्याखाली किरणांसारख्या बारीक रेघा दिसतात ना, त्या मशीनवर कापलेल्या असतात, गिलोशे म्हणतात त्याला, आणि वरून पारदर्शक मीना दिला की प्रकाश त्या रेघांवरून खेळतो. बिल्ला तिरका करा, रेघा हलल्यासारख्या दिसतात. खोट्यात रेघा साच्यातून ओतलेल्या असतात, त्यांच्या कडा बोथट, आणि प्रकाश हलत नाही, नुसता पडून राहतो.

आजचे खोटे बिल्ले मीन्याऐवजी रंगीत रेझिन भरतात, त्याला 'कोल्ड इनॅमल' म्हणून विकतात. दहापट भिंगातून बघा. काच तुटली तर तिची कड शिंपल्यासारखी गोलसर आणि धारदार उडते, रेझिन सोललं जातं, कड मऊ. रेझिनवर बारीक केसांसारखे ओरखडे जमतात, काचेवर इतक्या सहज नाही. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली बरंचसं रेझिन चमकतं, आणि खऱ्या बिल्ल्याला कोणी नंतर दुरुस्त केलं असेल तर नेमका तेवढाच तुकडा वेगळा उजळतो. गरम सुई टोचून बघायचा सल्लाही लोक देतात, कृपया असलं काही करू नका, विकणाऱ्याच्या वस्तूला भोक पाडून खरेपणा तपासणं बरं दिसत नाही.

आता मागची बाजू, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. खऱ्या झ्नाकमध्ये मधलं चिन्ह, गरुड किंवा कंपनीची गुंफलेली अक्षरं, बऱ्याचदा वेगळं बनवून बसवलेलं असतं. मागून बघितलं की त्याच्या बारीक तारा पत्र्यातून आरपार आलेल्या आणि वाकवलेल्या दिसतात, किंवा रिव्हेटची बारीक डोकी. ओतीव खोट्यात सगळं एकसंध असतं आणि खोलगट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ओतकामाची ओळखच ती. खऱ्याचा साचा घेऊन ओतलं की धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे प्रत खऱ्यापेक्षा किंचित लहान भरते. ज्या बिल्ल्याचं माप म्युझियमच्या किंवा लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिलेलं आहे तिथे व्हर्नियर कॅलिपर लावून बघा. कोरलेल्या नावाच्याही कडा बघा, हाताने चालवलेली छिन्नी मध्ये खोल आणि चकचकीत चर पाडते, सुरुवात-शेवट निमुळता, तर मशीनच्या किंवा अ‍ॅसिडच्या अक्षराचा तळ सपाट आणि खडबडीत.

एक जुनी चाल खास लक्षात ठेवा. कडी खरी, बिल्ला खोटा. लहान बिल्ल्यात कडीवरही वेगळा शिक्का असायचा. एखाद्या मोडक्या खऱ्या दागिन्याची ५६ चा शिक्का असलेली कडी काढायची आणि नवीन ओतलेल्या बिल्ल्याला जोडायची, मग विकणारा अगदी शपथेवर सांगतो की शिक्का खरा आहे, आणि तो खराच असतो. तुटक्या चमच्याच्या दांड्यावरचा शिक्का कापून दुसऱ्या वस्तूत बसवण्याचा प्रकारही जुनाच आहे. म्हणून शिक्का फक्त कडीवर असेल आणि अंगावर काहीच नसेल तर हळू घ्या.

कारागिराचं नाव दिसलं की किमती उड्या मारतात. पीटर्सबर्गमध्ये एदुआर्ड आणि कुचकिन या बिल्ल्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेढ्या, त्यांचं काम नीट आणि भरपूर. फाबेर्जे म्हटलं की मात्र लोकांचं भान सुटतं. फाबेर्जेची शाखा मॉस्कोत १८८७ मध्ये उघडली, तिथल्या मालावर 'क. फाबेर्जे' असं आद्याक्षरासकट पूर्ण नाव आणि वर राजघराण्याचा दुतोंडी गरुड येतो. पीटर्सबर्गच्या मालावर बहुतेक वेळा नुसतं फाबेर्जे आणि सोबत ज्याच्या वर्कशॉपमध्ये ते बनलं त्या मास्टरची आद्याक्षरं. म्हणजे पीटर्सबर्गच्या मास्टरची आद्याक्षरं आणि त्याशेजारी मॉस्कोचा डेल्टा असं काही दिसलं तर तो बिल्ला दोन शहरांत बनला म्हणायचा! आणि बिल्ले बनवणारा फाबेर्जेचा मास्टर होता आल्फ्रेड टीलेमान. त्याचं चिन्ह ए-टी. पण अलेक्झांडर टिलांडर नावाचा पीटर्सबर्गचाच स्वतंत्र सोनारही ए-टी च मारायचा, त्याचा धंदा क्रांतीनंतर हेलसिंकीत गेला. त्यामुळे नुसतं ए-टी बघून 'फाबेर्जे' म्हणणारा विकणारा एकतर भोळा आहे किंवा अजिबात भोळा नाही. शेजारी फाबेर्जे हा शिक्का नसेल तर किंमत त्या नावाची देऊ नका, एवढं साधं आहे.

सोन्याचे इतके कमी का उरले हाही प्रश्न येतो. क्रांतीनंतर झारच्या काळातल्या कंपनीचा सोन्याचा बिल्ला जवळ ठेवणं म्हणजे आपण मालकवर्गातले हे सांगत फिरणं. आणि १९३१ पासून १९३६ पर्यंत तोर्गसिन नावाची सरकारी दुकानं होती, तिथे सोनं-चांदी दिली की पीठ, साखर, तेल मिळायचं. १९३२-३३ च्या दुष्काळात लोकांनी लग्नाच्या अंगठ्या दिल्या, पदकं दिली, बिल्ले दिले. हे सोनं पुढे भट्टीत वितळायलाच जायचं, बिल्ल्यावर कोणत्या विमा कंपनीचं नाव आहे याच्याशी कोणाला घेणंदेणं नव्हतं. वाचले ते मुख्यतः परदेशी निघून गेलेल्यांच्या खिशातून गेलेले आणि भिंतीत-फरशीखाली लपवलेले. चांदीचे त्यामानाने जास्त सापडतात. म्हणून एकाच विक्रेत्याकडे एकाच कंपनीचे चार-पाच सोन्याचे, सगळे चकचकीत, असं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा.

ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर विक्रेत्याकडून पुढचा एक सुंदर फोटो नको, मागचा, कडीचा, शिक्क्याचा जवळून आणि तिरक्या प्रकाशातला असे चार फोटो मागा, आणि ग्रॅममध्ये वजन. जो ते देत नाही त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. रशियातून शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू बाहेर काढायला परवानगी लागते, तेव्हा 'मॉस्कोहून पोस्टाने पाठवतो' म्हणणाऱ्याला कागद विचारा.

आणि घेतलाच, तर घरी आणून चिंच, लिंबू, टूथपेस्ट यातलं काहीही त्याला लावू नका. आंबट पदार्थ मीन्याची चकाकी खातात आणि पेस्ट सोन्याच्या मुलाम्याला घासते. सराफाकडच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये तर मुळीच नाही, जुन्या मीन्यात न दिसणारी चीर असेल तर त्या कंपनाने तुकडा सुटतो. मऊ कापड, कोमट पाण्याचा थेंब, लगेच कोरडं, बस. कडी झिजून पातळ झालेली असली तरी नवीन जोडायला देऊ नका, झाळायच्या टॉर्चने शेजारचा मीना तडकतो आणि कडीवरचा शिक्काही जातो, आणि मग तुमच्याच बिल्ल्याला उद्या कोणी खोटा म्हटलं तर दाखवायला काही राहत नाही.